अंगात आलेलं, पोटात राहिलेलं

वर्गात नेणिवेचा धडा आला की एक हात हमखास वर होतो. "मॅडम, मग अंगात येतं ते काय असतं?" तोवर अर्धा वर्ग पेंगत असतो. फळ्यावर मी काढलेले तीन चौकोन असतात, इदम्, अहम् आणि पराहम्. म्हणजे हट्टी पोर, घर चालवणारी बाई आणि सतत डोळे वटारणारे आजोबा. मुलांना हे तिघं पाठ असतात, पण त्यांच्यात जीव नसतो. अंगात येण्याचा विषय निघाला की सगळे ताठ बसतात, कारण प्रत्येकाच्या ओळखीत अशी एखादी मावशी किंवा शेजारीण असतेच.

माझं उत्तर तयार असतं. पुण्यातल्या एका कॉलेजात मी वर्षानुवर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते आहे, तेवढं तर यायलाच हवं. जे उघड बोलता येत नाही ते मन खाली ढकलतं. तिथे ते मरत नाही, वेष बदलून वर येतं. असं लिहा, गुण मिळतील. मुलं लिहून घेतात. ज्या बाईच्या अंगात येतं ती माझ्याच घरात राहते आणि रोज माझ्या डब्यात भाकरी भरते, एवढं मात्र मी त्यांना सांगत नाही.

माझं माहेर बुधवार पेठेतलं. खाली वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. आमच्याकडे अंगात यायचा तो फक्त ताप. देव देव्हाऱ्यात गप्प बसायचे आणि माणसं बोलायची, तीही अशी की समोरच्याला घरी पोचल्यावर कळावं आपला अपमान झाला. सासर मात्र सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे. गाव आता महापालिकेत आलंय, म्हणजे कर शहराचा आणि रस्ते गावाचे. कॉलेजात जमलेलं लग्न होतं, त्यामुळे घरात माझं कौतुक कमी आणि माझ्याकडे लक्ष जास्त होतं. नवरा मळा बघतो, मेथी-कोथिंबीर मार्केट यार्डात पाठवतो. धाकटा दीर आयटी कंपनीत आहे आणि अजून आमच्याबरोबरच राहतो.

सासूबाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. आत्यांना आयुष्यात कुणी काही विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, असं मी पाहिलं नव्हतं. भाजी कोणती करू? "तुमच्या मनाला येईल ती." लग्नाला कोणती साडी नेसताय? "काढून ठेव कोणतीबी." सासरे असताना त्यांच्यासमोर त्या खाली बसायच्याही नाहीत, दाराला टेकून उभ्या राहायच्या. मी पेठेतली, मला याचा संताप यायचा. एवढं कुणी मूग गिळून बसतं का?

लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात याचं उत्तर मिळालं. आमच्या मळ्याच्या बांधावर शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे देवी मानलेला बिनघडणीचा दगड आहे, तिला सगळे मळ्यातली आई म्हणतात. संध्याकाळची आरती चालली होती, संबळ वाजत होता, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या आत्या एकाएकी घुमू लागल्या. अंबाडा सुटला. बायकांनी धावत जाऊन हळद-कुंकू लावलं, लिंबू दिलं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. ज्या बाईने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिने सासऱ्यांना "अरे" म्हटलं. "अरे, माझ्या मळ्याचं पाणी का तोडलंस?" आणि माझे मिशीवाले सासरे, ज्यांच्यापुढे सरपंच हळू बोलायचा, ते हात जोडून उभे होते. विहिरीवरची मोटार किती दिवस बिघडून पडली होती, ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.

आत्या थोड्या वेळाने भानावर आल्या, पाणी प्यायल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. इथे एक नियम आहे. ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात, आणि देवी काय बोलली ते झाडाला नंतर सांगायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. त्यामुळे मोटार कुणामुळे दुरुस्त झाली याची त्या घरात कधी चर्चाच झाली नाही.

मला तेव्हा नुकतीच पदवी मिळालेली, त्यामुळे शास्त्राची जरा जास्तच गुर्मी होती. रात्रंदिवस मी आत्यांना सिद्धांतांत बसवत होते. आधी ते तीन चौकोन. देवी डोळे वटारते म्हणून पराहम् म्हणावं, तर ती हिरवी साडी आणि पुरणाची पोळी मागायची. तो तर इदम्चा हट्ट. आणि मोटार दुरुस्त करा, मोरीत नळ आणा, धाकट्याला मारू नका, या मागण्या तर घर चालवणाऱ्या अहम्च्या. मग ते चौकोन मांडणाऱ्या गुरूशी भांडून वेगळ्या झालेल्या एका शिष्याचा सिद्धांत घेतला. त्याच्या मते सगळ्या माणसांच्या मनाच्या तळाशी एक जुनी सामायिक ठेव असते, त्यात आदिमातेची प्रतिमा असते. हे मला आवडलं, भव्य वाटलं, पण आदिमातेला मोरीतल्या नळाशी काय देणंघेणं? दुसरा एक शिष्य म्हणतो, माणूस न्यूनगंडावर मात करायला सत्ता शोधतो. हे पटलं. पण सत्ता वर्षातून दोनदाच, नवरात्रात आणि बांधावरच्या पूजेला, तीही अर्धा तास? शेवटी मी व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीतले प्रश्न आत्यांना गप्पांच्या ओघात विचारून मनातल्या मनात गुण दिले. मग तेच प्रश्न नवरात्रातल्या आत्यांना लावून पाहिले. एकाच बाईचे दोन निकाल आले, आणि ते दोन अनोळखी बायकांचे असावेत इतके वेगळे होते.

एका वर्षी मात्र मी सिद्धांत काढलाच नाही. मुलगी सहा महिन्यांची होती आणि मी नोकरी सोडावी असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. नवरा गप्प. माझं रडून झालं, भांडून झालं. आणि बांधावरच्या पूजेच्या दिवशी देवी म्हणाली, "ह्या घरची सून उंबऱ्याबाहेर जाती ती माझ्या सांगण्यानं जाती. तिला अडवाल तर माझ्याशी गाठ हाय." सासऱ्यांनी नारळ फोडला आणि विषय संपला. दडपलेल्या इच्छा वगैरे काही मला त्या दिवशी आठवलं नाही. मी सगळ्यांबरोबर पाया पडले आणि सोमवारी कॉलेजला गेले.

सासरे गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या मागे सातबाऱ्यावर दोन मुलांबरोबर आत्यांचं नाव लागलं. भोवतालचे मळे एकेक करून बिल्डरांकडे गेले. आमच्या मेथीच्या वाफ्यावर आता समोरच्या टॉवरची सावली पडते. गेल्या वर्षी आमच्याकडेही माणूस आला. दिराला मळा विकून शहरात फ्लॅट घ्यायचा होता. नवऱ्याचा जीव मेथीत होता, पण मजूर मिळत नाहीत, पाणी मिळत नाही, तोही थकला होता. दोघांचं एकमत झालं. आत्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या मनाला येईल ते करा."

त्यानंतर पंधरवड्यात नवरात्र बसलं. आरतीला देवी आली, आणि या वेळी तिने साडी मागितली नाही, पोळी मागितली नाही. दोन्ही मुलांकडे बघून एवढंच म्हणाली, "मला मळ्यातनं उठवू नका. उठवाल तर मी कुठं जाऊ?" शेवटचं वाक्य देवीच्या आवाजात सुरू झालं, पण संपेपर्यंत तो आवाज बारीक झाला होता. संबळवाला थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बांधावर फुलं घालायला गेल्या होत्या. दिराने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. "वहिनी, हे क्लिअरली सायकॉलॉजिकल आहे ना? तुमच्या शास्त्रात याला नाव आहे ना काहीतरी?"

"नावं पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला कशासाठी हवंय?"

"म्हणजे दादा उगीच घाबरतोय. तो आजार आहे, देवी नाही, हे तुम्ही प्रोफेशनली सांगितलंत तर त्याला पटेल. आणि आईला पण समजावा. गरज पडली तर एखाद्या डॉक्टरांना दाखवू."

इतकी वर्षं देवीपुढे नाक घासणाऱ्या घराला देवी पहिल्यांदाच आजार वाटू लागली होती. मोटारीच्या वेळी कुणाला डॉक्टर आठवला नव्हता. फळ्यावर मी या धूर्तपणाला समर्थन नावाची संरक्षण यंत्रणा म्हणते. घरी मात्र तो चहात बिस्किटं बुडवत बसतो. राग इतका आला की बुधवार पेठ आपोआप तोंडात आली.

"भाऊजी, एक काय ते ठरवा. आईला वेडी ठरवलीत तर तिची सही कोर्टात टिकायची नाही. शहाणी ठरवलीत तर ती नाही म्हणतेय. दोन्हींपैकी कोणतं हवंय?"

दीर लाल झाला. दारात येऊन थांबलेला नवरा मान खाली घालून म्हणाला, "अगं, ती आई म्हणून कुठे नाही म्हणाली? शुद्धीत विचारलं तर हो म्हणते. आम्ही काय समजायचं?"

त्याचा हा प्रश्न खरा होता, आणि मला तो टाळता आला नाही. त्या दिवशी कॉलेजला जाताना मी बसमध्ये ठरवलं. मी नाव देणार नाही. नाव दिलं की आत्यांचं बोलणं खोडून टाकायला घराला एक रबर मिळेल, आणि तो माझ्या हातून मिळेल. पण देवीच्या पदराआडही आता त्यांना लपता येणार नव्हतं. मुलांनी तो पदर ओढला होता. आत्यांनी स्वतः बोलायला हवं होतं, दिवसाढवळ्या, केस बांधलेले असताना. ते होईपर्यंत मी त्यांचा पिच्छा सोडणार नव्हते. मळा विकावा की ठेवावा याबद्दल माझं मत काही असो, त्या बाईचं मत तिच्या तोंडून निघाल्याशिवाय कागदावर शाई पडू द्यायची नाही, एवढं पक्कं केलं.

ठरवणं सोपं होतं. दुपारी कॉलेजातून आल्यावर मी आत्यांसोबत मेथीच्या जुड्या बांधायला बसू लागले. पहिल्या दिवशी सरळ विचारलं, "आत्या, मळा विकावा असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पोरं शिकल्याली हायत."

मग मी शास्त्र वापरलं. एका पंथात उपचार करणारा काही न बोलता बसतो. त्या शांततेत समोरच्याच्या मनातलं हळूहळू वर येतं. मी गप्प बसले. आत्याही गप्प बसल्या. मी एका तासात चुळबुळ करू लागले. आत्यांना तर या विद्येचा जन्मभराचा सराव. ढिगातली सगळी मेथी संपली आणि मी हरले. दुसऱ्या पंथात समोरच्याला बिनशर्त स्वीकारायचं, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं. आत्या म्हणाल्या, "पाठ दुखती." मी म्हटलं, "पाठ दुखते असं तुम्हाला वाटतंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वाटंत न्हाय. दुखती."

शेजारच्या काकूंनी मला विहिरीपाशी गाठून बजावलं, "झाडाला विचारू नगं. पाप लागंल." मी म्हटलं लागू दे, नोकरी करणाऱ्या सुनेला आधीच बरीच लागलेली आहेत. पण मी खरंच घाबरले होते. आत्यांकडे आयुष्यभरात बोलायला एवढीच एक जागा होती. तिला हात लावला आणि तीही मोडली तर? त्यांना पुढे काय उरेल? नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग सोड ना. मी सोडलं नाही.

साठेखताची, म्हणजे विक्रीच्या कराराची, तारीख ठरली. वकील घरी येऊन मसुदा वाचून दाखवणार होते. आदल्या दुपारी मी शेवटचा उपाय केला, जो माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता आणि गावाच्या नियमात तर बसतच नव्हता. हातातली जुडी बाजूला ठेवली आणि नवरात्रात देवी काय बोलली ते आत्यांना शब्दन्‌शब्द सांगितलं.

त्यांनी दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, "ती बोलली ते मला आठवंत न्हाय. पण बोलायच्या आदी घशाशी काय आल्यालं असतंय, ते ठावं असतंय."

"मग ते तुम्हीच का बोलत नाही?"

"माझं कोण ऐकतंय गं? तिचं ऐकत्यात."

"आत्या," मी म्हटलं, "आता तिचंही ऐकणार नाहीत. मुलं म्हणताहेत तो आजार आहे. उद्या तुमच्या अंगात आलं, तर तुम्हाला गोळी देतील आणि बरं वाटलं की सही घेतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि तो आधी माझ्यावर होता. मी तो घेतला. मग त्यांनी उरलेली मेथी पुढे ओढली आणि अंधार पडेपर्यंत आम्ही जुड्या बांधत राहिलो. रात्री त्या जेवल्या नाहीत. मीही जेवले नाही, पण ते माझ्यापाशीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वकील अकराला आले, सोबत बिल्डरचा माणूस, त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. सगळे ओसरीवर बसले, शेजारच्या काकूही. आत्या दाराला टेकून उभ्या. वकिलांनी मसुदा वाचला: चतुःसीमा, गट, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. मळ्यातल्या आईचा त्यात उल्लेख नव्हता. तिला गट क्रमांक नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आजी, सगळं ऐकलंत ना? मान्य आहे ना?"

"मान्य आहे," दीर म्हणाला.

"भाऊजी, वकीलसाहेबांनी आत्यांना विचारलंय," मी म्हटलं.

"वहिनी, प्लीज."

"त्या बोलेपर्यंत थांबू या. माझी दिवसभराची रजा आहे."

बिल्डरचा माणूस मोबाईल बघू लागला. आणि मला दिसलं, आत्यांचा हात थरथरत होता. मग खांदा. श्वास जोराने येऊ लागला, डोळे वर गेले. पुढच्या क्षणी काय होणार ते त्या ओसरीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या काकू कुंकवाचा करंडा आणायला उठल्या. दिराने नवऱ्याकडे बघितलं, बघ, म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने. मी जागची हलले नाही. मनात एकच गोष्ट घोकत होते: आत्या, आज नको. आज तिला बोलवू नका.

आत्यांनी दाराची चौकट धरली. बोटं पांढरी पडेपर्यंत धरली. सुटू लागलेला अंबाडा दुसऱ्या हाताने आवळला. श्वास हळूहळू खाली आला. मग त्या चौकट सोडून दोन पावलं पुढे आल्या आणि मुलांच्या समोर, सतरंजीवर, खाली बसल्या.

"मला मळा विकायचा न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, चिरका होता, भाजी विचारल्यावर जो निघतो तोच. "मी सई करनार न्हाय."

नवरा अर्धवट उठला. सवयीने त्याचे हात जोडले गेले होते. घाबरून, अगदी लहान मुलासारखं त्याने विचारलं, "आई, देवी आली का?"

"न्हाय रं," आत्या म्हणाल्या. "मीच हाय. ऐकू येतंय न्हवं?"